चाकरमान्यांनो, गणपतीला येताना सायकल घेवन येवा!

मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या खांबाला बांधलेली, टायर बसलेली एक तरी गिअरची सायकल असतेच. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली, पुढे मुलगा कॉलेजात गेला म्हणून तशीच राहिलेली. भंगारवाला तिचे दोनशे रुपये देतो आणि वर उपकार केल्यासारखं बघतो. ती सायकल आम्हाला हवी आहे.

वेंगुर्ल्यातल्या आमच्या मंडळातर्फे येत्या डिसेंबरात आठवी, नववी आणि अकरावीतली 24 मुलं-मुली सायकलवरून सह्याद्री चढून कर्नाटकात जाणार आहेत. तिथून चोर्ला घाट उतरून गोवा, आणि गोव्यातून पत्रादेवीमार्गे घरी. (दहावी-बारावीच्या पालकांनी आम्ही विचारायच्या आधीच हात जोडले.) एकूण अंतर 300 किलोमीटरच्या आसपास. 15 डिसेंबरला सकाळी निघून सावंतवाडी, दाणोली करत संध्याकाळी आंबोली, मग चंदगड तालुक्यातून शिनोळीमार्गे बेळगाव, पुढे जांबोटी, कणकुंबी, साखळी, डिचोली, म्हापसा. 19 तारखेला पत्रादेवीला पोचायचं, हे मात्र पक्कं.

ही तारीख मुद्दाम धरली आहे. आज बांद्याहून गोव्यात जाताना हद्द कधी ओलांडली हे लक्षातही येत नाही, पण आपल्या आजोबांच्या तरुणपणी पत्रादेवीच्या पलीकडे परदेश होता, पोर्तुगालचं राज्य. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही बांद्याकडून तिथे गेले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबातून आलेले कर्नैल सिंग बेनिपाल तिथेच पडले. गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 ला. हुतात्मा स्मारक आपल्या इतकं जवळ असूनही आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी ते एसटीच्या खिडकीतूनसुद्धा नीट पाहिलेलं नाही.

वाटेतली दुसरी हद्द शिनोळीनंतर लागते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याच वेळी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापुरात आला. आम्ही सीमाप्रश्नावर घोषणा द्यायला निघालेलो नाही. सायकलींवर झेंडे, बॅनर काही नसेल. मुलांनी चंदगडात आणि बेळगावात लोकांशी बोलावं, जेवावं, इतकंच. शिवाय हा रस्ता मुळात आपलाच. इंग्रजांच्या काळी बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि आंबोलीवरून वर जायचा.

आणि पाणी. आपल्या नद्या डोंगरातून निघाल्या की लगेच खाडीला लागतात. आंबोलीच्या गुहेतून निघणारी हिरण्यकेशी मात्र समुद्राकडे पाठ करून घटप्रभेला मिळायला पूर्वेकडे जाते, कणकुंबीची मलप्रभाही तशीच पुढे कृष्णेला मिळते. पाणलोट फळ्यावर शिकवायला तास लागतो, तिथे उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतो.

आता मागण्यांकडे येतो. पहिली मागणी सायकलींची. मुलांकडच्या बहुतेक सायकली बिनगिअरच्या आहेत. शाळेपुरत्या त्या उत्तम, पण समुद्रसपाटीवरून आंबोलीच्या सुमारे 690 मीटर उंचीवर त्या ढकलतच न्याव्या लागतील. चढाची फारशी काळजी नाही, दमलं तर उतरून चालता येतं. खरी भीती चोर्ल्याच्या उताराची. रिमवर रबर घासणारे ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून प्रत्येक सायकलचे ब्रेक पॅड आणि केबली नव्या घालणार आहोत. दोन्ही ब्रेक थांबून थांबून कसे लावायचे, पुढच्या सायकलपासून किती अंतर ठेवायचं, याचा सराव घेतल्याशिवाय एकालाही घाटात सोडणार नाही. हेल्मेट नाही तर सायकल नाही, यात वाद नको.

सायकल कुठल्याही कंपनीची चालेल, गंजलेली चेन चालेल, नसलेली सीटही चालेल. फ्रेमला तडा गेलेली मात्र देऊ नका. चाकाचा आकार (26, 27.5 की 29 इंची) चिठ्ठीवर लिहून हँडलला बांधलात तर मोठे उपकार होतील, कारण जादा ट्यूब त्या हिशोबाने घ्यायच्या आहेत. गणपतीला गाडी घेऊन येणाऱ्यांनी ती टपावर टाकावी. बसने येणाऱ्यांनी आधी कळवावं. एका भागात दहा सायकली जमल्या तर आम्हीच टेम्पो पाठवू.

रोख रकमेत सांगायचं तर एका मुलामागे अंदाजे 3,500 रुपये खर्च आहे. त्यात हेल्मेट, दुरुस्ती, जेवण आणि मागून येणाऱ्या टेम्पोचं डिझेल आलं. पूर्ण मुलाचा खर्च उचलावा असं नाही, 100 रुपयेही घेऊ आणि पावती देऊ. मंडळाकडे 80जी नाही, त्यामुळे करात सूट मिळणार नाही. आमच्या नावाने व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरताना दिसला तर पैसे टाकू नका, तो आमचा नसेल.

याशिवाय माणसं हवीत. मुली दहा आहेत, तेव्हा पूर्ण वेळ सोबत येणाऱ्या दोन तरी ताई-मावशी लागतील. सायकल येत नसली तरी टेम्पोत बसता येईल. एक डॉक्टर किंवा नर्स हवी. सायकल दुरुस्तीवाले एक दादा यायला तयार झाले आहेत, त्यांच्या बुडणाऱ्या रोजाचे पैसे आम्ही देणारच, ते नको म्हणत असले तरी. आंबोली, बेळगाव, कणकुंबी आणि डिचोली इथे कुणाचे सोयरे असतील तर एका रात्रीसाठी शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप मिळवून द्या. आंबोली-चोर्ल्याच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम आहे. खाऊ म्हणून कुणी खाजा, खटखटे लाडू दिले तर नको म्हणणार नाही. बिस्किटांचे पुडे नकोत, त्यांचा प्लास्टिक कचरा घाटात पडतो.

सायकली दसऱ्यापर्यंत हातात आल्या तर दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्ती आणि सराव दोन्ही होईल. मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी 6 ते 8 उघडं असतं, गणपतीच्या दिवसांत सकाळीही उघडू. बंद दिसलं तर सायकल ओटीवर ठेवा आणि चिठ्ठीवर आपलं नाव, वाडी लिहा, म्हणजे पावती घरपोच करता येईल.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, वेंगुर्ले