ती नाही म्हणाली, त्यानंतर

नागपूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, ती नाही म्हणाली, पण मी सोडणार नाही. माझं प्रेम खरं असेल तर ती हो म्हणेलच." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. नंतर रात्रभर झोप नाही. पहाटे उठून कूलरमध्ये पाणी भरलं आणि लिहायला बसले. मी रागावून नाही राहिले, आधी हे ऐक.

हे वाक्य तुझं नाही रे. ते पडद्यावरून तुझ्याकडे आलंय. माझ्याकडेही आलं होतं.

१९९३च्या डिसेंबरात 'डर' लागला. मी कॉलेजात होते. त्यात शाहरुख खानचा राहुल किरणच्या मागे लागतो, सारखे फोन करतो, चाकूनं छातीवर तिचं नाव कोरतो. सिनेमानं त्याला खलनायकच ठरवलंय, शेवटी तो मरतो. पण टॉकीजमध्ये शिट्ट्या त्यालाच. भीतीनं अर्धी झालेली ती जुही चावला कोणाच्या लक्षात राहिली? बाहेर पडताना आम्ही मैत्रिणीही म्हणालो, "किती प्रेम होतं गं त्याचं!" मीही म्हणाले. आज ते तुला सांगताना जड जातंय.

कारण पुढच्याच उन्हाळ्यात एक मुलगा माझ्या मागे येऊ लागला. महाल भागातून सीताबर्डीपर्यंत मी सायकलनं जायची. सकाळचं ऊन पाठीवर असायचं, त्यामुळे त्याची सावली माझ्या चाकाशेजारून पुढे सरकायची. मी हळू झाले की सावलीही हळू व्हायची. मी कधी मागे वळून पाहिलं नाही, त्या सावलीकडेच बघत पायडल मारायची. एक दिवस थांबले आणि सांगितलं, "माझ्या मागे येऊ नका." दुसऱ्या दिवशी तो होताच. मी भाव खातेय असं वाटलं असेल त्याला. घरी कळलं, तर माझं संध्याकाळचं लायब्ररीत जाणं बंद झालं. त्याचं काहीच बंद झालं नाही.

तो मुलगा वाईट होता, असं मला आजही म्हणवत नाही. पण त्याला माझं काय माहीत होतं? मी काय वाचते, कशाला हसते, कशाला घाबरते? त्यानं कधी विचारलंच नाही. जे मी आपणहून सांगितलं, तेवढंही त्यानं ऐकलं नाही. त्याला मी हवी होते, बस.

हवंसं वाटणं वाईट असतं, असंही समजू नकोस. सत्यजित राय यांचा 'चारुलता' बघ, १९६४चा, रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड'वरून केलेला. दुपारच्या शांत घरात चारू दुर्बीण डोळ्याला लावून या खिडकीतून त्या खिडकीत धावते, रस्त्यावरची माणसं बघते. तेवढ्यात तिचा नवरा भूपती पुस्तक वाचत तिच्या शेजारून निघून जातो. तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मग ती दुर्बीण त्याच्यावर रोखते. चार पावलांवरच्या माणसाला बघायला दुर्बीण! पुढे बागेत झोक्यावर बसून तीच दुर्बीण ती अमलकडे वळवते, नवऱ्याच्या आतेभावाकडे, आणि आपल्या मनात काय आहे ते तिचं तिलाच कळतं. राय ती ओढ लपवत नाहीत, तिला घाण ठरवत नाहीत. अमलला ती उमगते, तेव्हा भूपतीचा विश्वास मोडायला नको म्हणून तो एका रात्री घर सोडून जातो. शेवटी नवरा-बायको एकमेकांकडे हात पुढे करतात आणि चित्र तिथंच थिजतं. हात भेटत नाहीत. मी ती जागा कितीदा पाहिली असेल. दर वेळी वाटतं, भूपतीनं तिचा हात ओढून घेतला असता, तर मी त्याला कधी माफ केलं नसतं.

तू शिकायला बाहेर गेलास, त्यानंतर एका रविवारी मी हा सिनेमा घरी लावला होता. बाबा शेजारी पेपर वाचत होते. तो नवरा वाचत वाचत बाजूनं निघून गेला ना, तेव्हा बाबांनी पेपरची घडी केली. आवाज झाला म्हणून मी बघितलं, तर ते पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग शेवटपर्यंत बसले. उठताना म्हणाले, "चहा मी ठेवतो."

बाळा, तिला आज मेसेज करू नकोस. उद्याही नको. ती ज्या वेळेला कँटीनला येते, ती वेळ सोड. तिच्या मैत्रिणींकडून निरोप पाठवू नकोस. दुखेल, मला माहीत आहे. रात्री दोनला रडू आलं तरी फोन कर, मी उचलीन. काही बोलला नाहीस तरी चालेल.

तिकीट काढलंस की कळव. बाबा स्टेशनवर येतील, येताना तर्री पोहे खाऊनच या दोघं.

तुझी,
आई