फवारा सुरू करण्याआधी

ग्रात्स, ऑस्ट्रिया
२० जुलै

ती. दादास,
सा. न.

'फवाऱ्याचं औषध, म्हणजे कीटकनाशक, अंगात जाऊन नेमकं करतं काय?' हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहितेय. वहिनीलाही वाचायला दे. विषबाधेची लक्षणं आधी दिसली तर तिलाच दिसतील.

शरीरातली बरीच कामं आपल्याला न विचारता चालतात. ती दोन प्रकारच्या नसा सांभाळतात. धावपळीच्या, संकटाच्या वेळी जोर करतात त्या अनुकंपी. बसल्या जागचा संसार चालवतात त्या परानुकंपी, म्हणजे डॉक्टर ज्याला पॅरासिम्पथेटिक म्हणतात त्या. लाळ, पोटातले रस, आतड्यांची हालचाल, लघवी, उजेडात बाहुली बारीक होणं, हे सगळं यांच्याकडे. यातल्या काही नसा मेंदूच्या बुडातून निघतात, काही माकडहाडाच्या जरा वरून. सगळ्यांत लांबवर जाते ती व्हेगस: मानेतून छातीत उतरून हृदय, फुप्फुसं, जठर करत आतड्यांपर्यंत. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला सुमारे १०० ठोके मारेल. तुझी नाडी ७० लागते, कारण व्हेगसने कासरा ओढून धरलेला असतो.

हा कासरा रसायनाचा असतो, हे याच गावात कळलं. ओटो लोवी इथल्या विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, हृदय मंदावलं. त्यातलं खारं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नसेतून काहीतरी पाझरलं होतं. ते ॲसिटिलकोलीन. नोबेल १९३६ साली मिळालं, आणि १९३८ साली नाझींनी त्यांना देशाबाहेर घालवलं. आपल्या कामाचा प्रयोग मात्र १९२६ चा. लोवी आणि त्यांचे सहकारी नावरातिल यांनी दाखवलं की शरीरातलं एक विकर (एन्झाइम) ॲसिटिलकोलीन लगेच मोडून टाकतं, आणि एसेरिन नावाचं द्रव्य दिलं की हे मोडणं थांबतं.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस ही फवाऱ्याची औषधं हेच करतात. त्या विकराचं नाव कोलिनएस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन मोडतो. औषध त्यालाच चिकटून बसतं. मोटर चालूच, पण बंद करायचं बटण जळलेलं, अशी गत. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी, उलट्या, हगवण, कपड्यांत लघवी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत पाणी भरून घरघर. घामाच्या ग्रंथी आणि हातापायाचे स्नायूही याच रसायनावर चालतात, म्हणून अंग घामाने निथळतं, मांस फडफडतं आणि मग लुळं पडतं. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वास थांबून.

गावात याला 'ऊन लागलं' म्हणून सावलीत निजवतात, तिथेच घात होतो. सुरुवातीला डोकं दुखतं, अंधुक दिसतं, छाती आवळते, आणि ते उन्हासारखंच वाटतं. पण उन्हाने तोंड कोरडं पडतं. लाळ आणि बारीक बाहुली दिसली, तर ते औषधच समजायचं. मात्र बाहुली मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कधीकधी ती उलटही वागते.

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०हून जास्त माणसं फवारणीत गेली. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर घ्यायचा. औषध प्यावं लागत नाही, कातडीतून जातं. त्यातही जांघ आणि डोक्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटीने ओढून घेते. गळका पंप पाठीवरून कमरेपर्यंत ओला करतो, म्हणून तो जास्त घातक. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नकोस, तार वापर. वारा पाठीशी ठेव. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखूचा खर्रा नाही, हे गड्यांना तूच सांग.

कुणाला झालंच तर आधी मोकळ्या हवेत आणा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा: केस, कान, नखं, जांघा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. चामड्याची चप्पल, पट्टा धुऊन साफ होत नाही, टाकून द्या. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. डाव्या कुशीवर ठेवून दवाखान्यात न्या, आणि डब्यावरचं लेबल सोबत घ्या.

तिथे ॲट्रोपिन देतील. एका ॲम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. सुरुवात तीन ते पाच ॲम्प्युलने, मग छाती मोकळी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट. ॲम्प्युलचा ढीग बघून घाबरू नका. जास्त झालं तर पेशंट बडबडतो, अंग तापतं, पोट फुगतं, ते डॉक्टर बघतील. धोतऱ्यातही हेच द्रव्य असतं, पण बीत किती आहे ते कुणाला ठाऊक? घरचा प्रयोग नको. विकराला चिकटलेलं औषध सोडवणारं 'पॅम' लवकर दिलं तरच उपयोगी, आणि त्याबद्दलही डॉक्टरांत एकमत नाही.

ॲट्रोपिन लाळ, छाती, हृदय सांभाळतं, स्नायूंना हात लावत नाही. म्हणून 'बरा झाला' म्हणत दुसऱ्या दिवशी घरी आणू नका. एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू अचानक थकतात. त्याची पहिली खूण मानेत दिसते. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता आलं नाही, तर त्याच मिनिटाला डॉक्टरला बोलवा.

कोठ्यातल्या सगळ्या डब्यांच्या लेबलांचे फोटो टाक, विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग दिसेल असे. लाल आणि पिवळ्यांचे आधी.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
छोटी