अँटी-फ्लॅग रेझिनच्या माहितीपत्रकातील चुकीच्या दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आमच्या प्रयोगशाळेने आपल्याकडून अँटी-फ्लॅग रेझिन मागवले; म्हणजे फ्लॅग नावाचा ओळखीचा छोटा तुकडा (टॅग) जोडलेले प्रथिन मिश्रणातून धरून ठेवणारे, अँटिबॉडी बसवलेले कण. टॅग प्रथिनाच्या पुढे असो वा मागे, हे रेझिन तो धरतेच, असे माहितीपत्रकात ठळक छापले आहे. हा दावा खोटा आहे.

आमचे प्रथिन जिवाणूच्या पेशीत तयार होते. सुरुवातीला मेथिओनिन, लगेच फ्लॅगची 8 अमिनो आम्ले आणि शेवटी 6 हिस्टिडिन (हिस टॅग). रेझिन भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ते सगळेच्या सगळे वाहून गेले. आपल्या तांत्रिक विभागाने कळवले, "तुमचे प्रथिनच तयार होत नसेल." म्हणून वाहून आलेल्या द्रावणाचाच हिस टॅग ओळखणाऱ्या अँटी-हिस अँटिबॉडीने वेस्टर्न ब्लॉट (वजनानुसार वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) केला. अपेक्षित वजनाला ठसठशीत बँड आला. फोटो पाठवला, त्यावर आजतागायत उत्तर नाही.

खरे कारण आपल्याच डब्यातल्या घडीपत्रकात सापडले. प्रथिन सोडवायला ईडीटीए वापरा, असे तिथे बारीक अक्षरांत लिहिले आहे. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेते. म्हणजे ही अँटिबॉडी कॅल्शियमच्या आधाराने धरणारी, एम1 क्लोनसारखी (क्लोन म्हणजे अँटिबॉडीचा ठरावीक प्रकार) आहे. आणि एम1 ला फ्लॅग प्रथिनाच्या अगदी सुरुवातीला, मोकळा लागतो. पुढे एक मेथिओनिन असले तरी ती त्याला ओळखत नाही. आम्ही पडताळून पाहिले. बफरमध्ये कॅल्शियम घालूनही आमचे प्रथिन धरले गेले नाही. पेशीबाहेर स्रवणारे, सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर नेणारा सुरुवातीचा तुकडा) कापले गेल्यावर फ्लॅग उघडा पडणारे दुसरे प्रथिन मात्र कॅल्शियम असताना धरले गेले आणि ईडीटीए घालताच सुटले.

एम1 मध्ये काही खोट नाही. आम्लाशिवाय प्रथिन सुटते, ही नाजूक प्रथिनांसाठी मोठीच सोय आहे. राग आहे तो क्लोनची माहिती दडवल्याचा. एखादा नवखा विद्यार्थी आपलाच प्लाझ्मिड (प्रथिनाचे जनुक वाहणारा डीएनए) चुकला असे समजून पुन्हा क्लोनिंगला बसेल आणि त्याचे महिने वाया जातील.

हे रेझिन परत घेऊन एम2 क्लोनचे द्यावे; तो कॅल्शियमविना, टॅग दोन्हीपैकी कुठल्याही टोकाला असला तरी धरतो. माहितीपत्रकात क्लोनचे नाव, कॅल्शियमची गरज आणि मेथिओनिनची अडचण ठळक छापावी. हाच लॉट ज्यांना गेला, त्या सर्वांना तसे लेखी कळवावे. ब्लॉटचे फोटो आणि घडीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखीच हवे.

आपली,
संशोधक, प्रथिन शुद्धीकरण विभाग