खांद्याच्या इंजेक्शनसोबत येणाऱ्या चिठ्ठीबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

परळ-दादर भागातल्या आम्हा फिजिओथेरपिस्टांकडून तुमचे मनापासून आभार. फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांदा आखडून दुखणारा, पेशंट तुमच्याकडून येतो तेव्हा औषध, मात्रा, सुई कुठे गेली आणि हात बाहेरच्या बाजूला किती अंश वळतो, हे सगळं चिठ्ठीत लिहिलेलं असतं. नुसत्या ‘खांद्यात इंजेक्शन दिलं’ एवढ्यावर व्यायाम ठरवता येत नाही.

सोनोग्राफीवर बघून ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम थेट सांध्यात दिलेलं असलं, की पुढचे काही आठवडे दुखणं उतरलेलं असतं आणि आमचं खरं काम त्याच काळात होतं. हायड्रोडायलेटेशनमध्ये स्टेरॉइड आणि भुलीच्या औषधासह २० ते ४० मिलिलिटर द्रव भरून सांध्याचं आखडलेलं आवरण ताणतात. साध्या इंजेक्शनपेक्षा त्याचा फायदा झालाच तर थोडा, तोही सुरुवातीलाच. सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह ब्लॉकने, म्हणजे खांद्याची नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनने, आवरण सैल होत नाही, पण साखर आटोक्यात नसल्यामुळे स्टेरॉइड टाळायचं असेल तेव्हा रात्रीची झोप तरी मिळते. पीआरपीवर, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनवर, हजारो रुपये घालवण्याइतका भक्कम पुरावा अजून नाही, हे तुम्ही पेशंटला तोंडावर सांगता, त्याचे तर खास आभार!

मधुमेहींना इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढेल, घरी तपासत राहा, असं तुम्ही आधीच बजावता. त्यामुळे घाबरून कुणी व्यायाम सोडत नाही. पहिले एक-दोन दिवस खांदा जास्तही ठणकतो. तेवढ्यात फक्त वाकून हात सैल झुलवायचा. मग झोपून काठीने हात बाहेर वळवणं, भिंतीवर बोटं चढवणं. ताण २० ते ३० सेकंद, तीन-चार वेळा, दिवसातून दोनदा. पाठीमागे हात नेण्याचा व्यायाम आम्ही उशिरा देतो, कारण तोच सगळ्यात दुखतो. ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत म्हणून बायकांना घाई मात्र त्याचीच असते. व्यायामानंतरची कळ रात्रभर राहिली तर ताण जास्त झाला, दुसऱ्या दिवशी कमी करायचा. ‘मालिशवाल्याकडून हात ओढून घेऊ नका’ ही तुमची ओळ आम्ही प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवतो. दुखऱ्या टप्प्यात जोर लावला की खांदा आणखी आखडतो.

यापुढे सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला मोजलेले अंश आम्हीही तुम्हाला लिहून पाठवू. दुसरं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते ठरवायला उपयोगी पडतील.

तुमचे,
परळ-दादरचे फिजिओथेरपिस्ट