हार्ड डिस्क राजूबरोबर पाठवतोय

सांगली, रविवार रात्र

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू फोन आपटलास की रेंज गेली, यावर तुझी आई आणि मी अजून वाद घालतोय. तिच्या मते रेंज. लॅपटॉप बंद पडल्याचं तू रडवेल्या आवाजात सांगत होतीस आणि मी पहिला प्रश्न विचारला, ‘कॉपी कुठाय?’ जेवलीस का, हे नंतर. चुकलंच माझं. म्हणून या पत्रात फायलींबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

आत्याचा गुडघा बरा आहे. वाड्याच्या कागदांवर सही करतो असं शरदकाका म्हणालाय, म्हणजे करणार नाही. आईने मेतकूट केलंय.

पण दुरुस्तीवाल्याला एवढं मात्र आधीच सांग. आतलं काही पुसायचं नाही, विंडोज नव्याने टाकायचं नाही. त्यांना मशीन चालू करून द्यायची घाई असते, आतल्या मालाशी देणंघेणं नसतं. पुष्कळदा बोर्ड गेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असते. ती काढून दुसरीकडे लावता येते. त्या वेळी ती कदाचित बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागेल. तुझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बघ, बहुतेक तिथेच असेल.

‘सगळं गूगल ड्राइव्हवर आहे’ म्हणालीस. अगं, फुकटात १५ जीबी मिळतात, त्यातच मेल, त्यातच फोटो. तुझ्या रेकॉर्डरची तासाभराची डब्ल्यूएव्ही फाइल सहाशे एमबीच्या वर जाते. वीस-बावीस तासांत पोतं भरलं. दिवाळीत तुझ्या स्क्रीनवर जागा संपल्याची पट्टी मी पाहिली होती. तू फुलीवर टिचकी मारून ती घालवलीस. मग त्यानंतर ऊसतोडीच्या बायकांच्या कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांत जाऊन जे रेकॉर्ड केलंस ते कुठे आहे? आणि ड्राइव्ह हा नुसता आरसा गं. इथे पुसलंस की तिथलंही जातं. महिनाभर कचरापेटीत राहतं, मग तेही नाही.

बघ, विचारलंच मी. आई म्हणते, पोरगी कोप्यांच्या मागे आणि बाप कॉप्यांच्या.

२०१९ च्या पुरात तू पुण्यात अडकली होतीस, म्हणून आपल्या फोटोच्या दुकानातलं सगळं तुला कधी नीट सांगितलं नाही. २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर मीच खिळ्याने कोरलेली. तिच्या हातभर वर फळी मारून घेतली होती. कॉम्प्युटर तिच्यावर, निगेटिव्हचे डबे तिच्यावर. आणि कॉपी मी काढत होतो हं, दर रविवारी, दुकान बंद असताना, न चुकता. ती हार्ड डिस्कही त्याच फळीवर ठेवायचो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ च्याही वर गेलं. आठ-नऊ दिवसांनी शटर वर केलं तेव्हा खालच्या डब्यांतून चिखल निघाला आणि वरच्या डब्यांतल्या फिल्मच्या विटा झाल्या होत्या. फिल्म ओली असेतो साध्या पाण्यात धुतली तर वाचते, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. आपली वाळून चिकटली होती.

त्याचंही नाही एवढं. पंधरा दिवसांनी सांगलवाडीची एक बाई आली. घरातला अल्बम पाण्यात गेलेला, भिंतीवरची फ्रेमसुद्धा. नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला. म्हणाली, ‘भाऊ, त्यांचा पासपोर्ट साइज तुमच्याकडं काढलेला, असंलच की.’ मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार? दसऱ्यापर्यंत लोक येत होते. कुणाला आईचा फोटो हवा, कुणाला लग्नातला एखादा तरी. आपला फोटो स्टुडिओत जपलेला आहे असं सगळे धरून चालले होते, मुक्ता, आणि मी मात्र ते सगळं माझंच समजत होतो.

आजोबा हळद हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या त्या खड्ड्यात ठेवायचे, आठवतं? तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं कीड नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी आत हवा खेळू द्यायची, हे मला किती वेळा सांगितलं असेल त्यांनी. एवढी खात्रीची जागा. २००५ ला कृष्णेचं पाणी त्या पेवांतच शिरलं. त्यातून मी शिकायला हवं होतं. मी काय केलं, तर फळी हातभर वर मारली.

पीटर क्रोघ म्हणून एक अमेरिकन फोटोग्राफर आहे, आमच्याच धंद्यातला. त्याचा नियम असा की प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या छपराखाली. मला हे पुरानंतर वाचायला मिळालं. तुझी ती दुसरीकडची प्रत ठेवायला आमचं विश्रामबागचं छप्पर आहे की, दुसरा मजला आहे.

त्या ऊसतोडीच्या बायकांकडे स्वतःचं लिहिलेलं काही नाही. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या बाया तुझ्यासमोर घटकाभर बसल्या, मन मोकळं करून बोलल्या. ते हरवायचा तुला अधिकार नाही.

हे फार झालं. खोडणार होतो, पण पेनाने लिहितोय. रागावू नकोस. शिरोळच्या बाजूला रात्री साडेनऊला फडातून परत येताना तू फोन करायचीस ना, तेव्हा फोन ठेवल्यावर मी आईला सांगायचो, आपण कॅमेरा घेऊन पन्नास लग्नं केली, पण एवढं कुणी आपल्याशी बोललं नाही. तुझ्याशी बोलतात लोक. तुला हे कधी तोंडावर सांगितलं नाही, आता सांगतोय.

राजू बुधवारच्या गाडीने येतोय. मेतकुटाच्या डब्याखाली दोन डिस्क आहेत, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या. निळी तुझी. काम झालं की काढून ठेवत जा. लावून ठेवलीस आणि व्हायरस आला तर लॅपटॉपबरोबर तिलाही कुलूप लागतं. काळी भरून राजूबरोबरच परत पाठव. भरल्यावर दोन-तीन फाइली मधूनच उघडून ऐक. मी कधी उघडून बघत नव्हतो. रिकामी आली तरी मी काही बोलणार नाही.

आईने खाली जागा सोड म्हटलंय, तिला लिहायचंय. त्याआधी एकच. बीडकडची ती आजी, जिला तू चष्मा नेऊन दिलास, जिच्या ओव्या तू मला फोनवर ऐकवल्या होत्यास, तिचं रेकॉर्डिंग निदान फोनमध्ये तरी आहे ना?

तुझा,
बाबा