दारातल्या चपला

सोलापूर,
रविवार, रात्री अकरा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्रीचा तुझा मेसेज मी चार वेळा वाचला. ‘बाबा, घरावर पाच लाख काढा, मी माझी सगळी कर्जं एकदम मिटवते. नोकरी लागली की घराचा हप्ता मीच भरेन.’ फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी गप्प बसलो असतो, म्हणून लिहायला बसलो. शेजारचा मुलगा उद्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालाय, त्याच्याकडे देतो. सोबत आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधली आहे.

आधी उत्तर देतो. घरावर कर्ज काढणार नाही. आईच्या पाटल्याही गहाण ठेवणार नाही. मी रागावलेलो नाही, हे वाचताना लक्षात ठेव. का नाही, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

गणपतीला तू आलीस तेव्हा फोन सारखा पालथा ठेवत होतीस. आरतीच्या वेळी तो देवघराशेजारच्या फळीवर थरथरत होता आणि तू बघत नव्हतीस. आईला वाटलं, कुणी मुलगा असेल. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण विचारलं नाही. ती माझी चूक. मग तू गेल्यावर गुरुवारी संध्याकाळी सात चाळीसला मला एका वसुलीवाल्या माणसाचा फोन आला. ‘तुमच्या मुलीने पैसे बुडवलेत, बाप म्हणून लाज वाटत नाही का?’ मी त्याला एवढंच म्हणालो, ‘मी जामीनदार नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाइकांना तर मुळीच छळायचं नाही. तुमचं नाव, एजन्सी आणि कंपनीचं अधिकारपत्र सांगा.’ त्याने फोन ठेवला. नंबर आणि वेळ मी लिहून ठेवली आहे.

जून महिन्यात नोकरी गेली आणि मला सप्टेंबरमध्ये परक्या माणसाकडून कळलं. दोन रात्री झोप लागली नाही, ती पैशामुळे नाही. तुला वाटलं असेल, आयुष्यभर वसुली केलेल्या बापाला आपलं कर्ज थकलंय हे कुठल्या तोंडाने सांगायचं. उलट मलाच सगळ्यात आधी सांगायला हवं होतंस. 27 वर्षं मी पतसंस्थेत वसुलीला होतो. कर्ज थकल्यावर माणसं काय करतात, ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

पूर्व भागात एका यंत्रमाग कामगाराकडे जामीनकी कर्जाचे पाच हप्ते थकले होते. कारखाना बंद पडला होता. मी गेलो की त्याची लहान मुलगी दारात यायची आणि म्हणायची, ‘पप्पा नाहीत.’ दाराबाहेर त्याच्या चपला असायच्या. अंगठा तुटलेला, तारेने बांधलेला. आतून खोकला ऐकू यायचा. मी त्या चपलांकडे बघायचो, पोरगी माझ्याकडे बघायची, आणि मी परत फिरायचो. पण रजिस्टरमध्ये शेरा काय पडायचा? ‘कर्जदार भेटत नाही, टाळाटाळ करतो.’ त्याच शेऱ्यावर पुढे वसुली दाखला, म्हणजे सक्तीच्या वसुलीचा आदेश, निघाला आणि त्याच्या जामीनदारांच्या पगारातून कपात सुरू झाली. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. घाबरला होता, इतकंच.

त्याच गल्लीत एक विडी वळणारी बाई होती. नवऱ्याचं काम त्याच कारखान्यात गेलं होतं. ती दर आठवड्याला मजुरीच्या दिवशी यायची, कधी 200, कधी 150 भरायची. हप्ता 1,800 होता, म्हणजे तिच्या पैशाने व्याजसुद्धा निघत नव्हतं. पण ती पावती मागून घ्यायची आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवायची. वर्षाच्या शेवटी तिने ती पिशवी संचालक मंडळापुढे उलटी केली. कुणी काही बोललं नाही. तिचा हप्ता निम्मा झाला, मुदत वाढली, दंडव्याज माफ झालं. परिस्थिती दोघांची सारखीच होती, बाळा.

आता तुझं. फोनवर तू सांगितलंस ते मी वहीत मांडलं. पर्सनल लोन 3,60,000 बाकी, हप्ता 11,500. एक कार्ड 84,000, दुसरं 47,000. अॅपचं 22,000. एकूण 5,13,000. हे सगळं विनातारण आहे. म्हणजे तुझ्या शब्दावर आणि पगाराच्या स्लिपवर त्यांनी पैसे दिले. जोखीम त्यांनीही घेतली, म्हणून तर व्याज इतकं जास्त. हप्ता थकला तर ते पत्र पाठवतील, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब करतील, दावा लावतील. पण उद्या येऊन घराला कुलूप लावू शकत नाहीत. तेच कर्ज मी घरावर काढून फेडलं, तर तुझ्या शब्दावरचं कर्ज आपल्या छपरावर येतं. व्याज कमी पडेल, हे मला कळतं. पण तो हिशोब पगार चालू असलेल्या माणसाचा आहे. हप्ता भरायला आज तुझ्याकडे पगार नाही, माझ्याकडेही नाही.

तुझ्या आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. सोसायटीचा हप्ता चुकू नये म्हणून खासगी सावकाराकडून 10,000 आणले, महिन्याला शेकडा दहा, आणि आजीच्या पाटल्या ठेवल्या. चौदा महिने ते दरमहा हजार रुपये देत राहिले. चौदा हजार गेले, मुद्दल दहा हजार तसंच राहिलं, आणि पाटल्याही गेल्या. आजी शेवटपर्यंत हातात काचेच्या बांगड्या घालत होती, ते तू पाहिलंयस. का, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे सोलापुरातल्या कुणी ओळखीच्याने ‘मी देतो’ म्हटलं, तरी त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नकोस. परवाना नसलेली सावकारी हा महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण घरातलं सोनं गेल्यावर कायदा आठवून उपयोग होत नाही.

कार्डाबद्दल तू म्हणालीस, ‘मिनिमम तर भरतेय ना.’ तेच आपण मांडून बघू. 84,000 वर महिना साडेतीन टक्के म्हणजे 2,940 व्याज. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 529. झाले 3,469. तू भरतेस 4,200. म्हणजे पोटाला चिमटा काढून चार हजार दोनशे भरल्यावर कर्ज कमी होतं 731 रुपयांनी. वर त्याच कार्डावर किराणा घेतलास, तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, कारण मागची बाकी उरली की बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आणि ते 4,200 भरायला तू अॅपवरून कर्ज काढलंस. हातात पडले 19,000, परत करायचे 22,000. दोन्ही कार्डं आजपासून बंद. कात्रीने काप, मग मला फोन कर.

आता तुझे स्वतःचे पैसे कुठे आहेत ते बघ. त्या कंपनीत तुला पाच वर्षं चार महिने झाले होते. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, तू मागितलीच नाहीस! मूळ पगार 26,000. त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं, म्हणजे एका वर्षाचे 15,000. पाच वर्षांचे 75,000. हे तुझ्या हक्काचे आहेत, कुणाची मेहेरबानी नाही. उद्याच एचआरला लेखी अर्ज पाठव. अर्जानंतर 30 दिवसांत त्यांनी द्यायचे असतात. नाही दिले तर आपण कामगार आयुक्तालयात जाऊ. पीएफमध्ये तुझे एक लाख साठ हजार आहेत, नोकरी गेल्यावर त्यातले 75 टक्के काढता येतात. ते कर्जात घालू नकोस, ते जगण्यासाठी.

एक गोष्ट लक्षात घे. तुझं पगाराचं खातं आणि पर्सनल लोन एकाच बँकेत आहे. बाहेरून पैसे आले तर थकलेल्या हप्त्यापोटी बँक ते वळते करून घेऊ शकते, तशी अट करारात असते. दुसऱ्या बँकेत साधं खातं उघड आणि पीएफच्या नंबराला, म्हणजे यूएएनला, तेच जोड. यात लबाडी नाही. कुणाला किती द्यायचे ते तुझ्या हातात राहावं, एवढ्यासाठी.

ग्रॅच्युइटी आली की अॅपचे 22,000 आणि छोट्या कार्डाचे 47,000 मिटवायचे. 69,000 होतात. चारपैकी दोन दारं बंद. पैसे भरण्याआधी त्या अॅपच्या मागे कोणती कंपनी आहे ते बघ. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या कर्ज अॅपची यादी आहे. नियमानुसार अॅपने तुझे कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायचेच नाहीत. कुणी फोटो बिघडवून पाठवायची धमकी दिली, तर घाबरून पैसे पाठवू नकोस. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन कर आणि मला सांग. पोलीस ठाण्यात मी तुझ्याबरोबर येईन. मैत्रिणींना काय वाटेल याचा विचार त्या वेळी करायचा नाही.

उरलेल्या दोन ठिकाणी उद्याच ईमेल. अमुक तारखेला नोकरी गेली, पत्र सोबत जोडलंय, सध्या उत्पन्न नाही, दरमहा इतके भरू शकते. लोनची मुदत वाढवून हप्ता कमी करा; कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून द्या. ते नाहीही म्हणतील, तो त्यांचा अधिकार आहे. पण हप्ता थकून 90 दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, आणि त्यानंतर तुझ्याशी शाखेतला माणूस नाही, बहुतेक एजन्सीचाच माणूस बोलतो. तुझा एकच हप्ता चुकलाय. अजून वेळ आहे. उत्तर आलं नाही किंवा छळ सुरू झाला, तर आधी बँकेकडेच तक्रार करायची. 30 दिवसांत दाद लागली नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी त्यांचा फोन नंबर 14448.

मध्येच एखादा गोड आवाजाचा माणूस म्हणेल, ‘मॅडम, दीड लाख भरा, सगळं मिटवतो.’ तडजोड वाईटच असते असं नाही. पण सिबिलमध्ये मग ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलीस की तो आडवा येतो. माझ्या मते तुझ्यावर ती वेळ आलेली नाही. आलीच, तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र, मग पैसे, तेही कर्जखात्यातच. एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. वसुलीच्या माणसाने हातात घेतलेले पैसे कधीकधी खात्यापर्यंत पोचत नाहीत, हे मला माहीत आहे.

तू विचारलंस, अटक होईल का. कर्ज थकलं म्हणून तुरुंग नाही, ती दिवाणी बाब आहे. पण चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तर त्याचा खटला फौजदारी होऊ शकतो. म्हणून खात्यात पैसे नसतील तर बँकेला आधी कळव. आणि वकिलाची नोटीस आली तर पाकीट न फोडता ठेवायचं नाही. परत गेलेल्या चेकची किंवा हप्त्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवसांची मुदत असते. मला त्याच दिवशी फोटो पाठव. पुढेमागे लोकअदालतीचा कागद आला तर नक्की जाऊ. शिवाजीनगरच्या कोर्टात तुझ्या शेजारी मी बसेन.

माझ्याकडून काय, ते आता सांगतो. सही मिळणार नाही. वरची खोली मिळेल. तुझ्या पीजीचे 9,000 वाचतील, जेवणाचे वाचतील. मुलाखती हल्ली लॅपटॉपवर होतात, प्रत्यक्ष बोलावलं तर सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत. कॉलनीतले लोक विचारतील. आईने उत्तर ठरवून ठेवलंय, ‘तिची नोकरी गेली, दुसरी शोधतेय.’ काल भाजीवालीपाशी तिने ते म्हणूनही टाकलं. मी बाजूलाच उभा होतो. तिचा आवाज जरा कापला, पण पुढच्या वाक्याला ती वांग्यांचा भाव करत होती.

आईला सगळा आकडा सांगितलाय. ती पहिल्यांदा म्हणाली, ‘पाटल्या द्या तिला.’ मग मी आजीची गोष्ट काढली तेव्हा गप्प झाली. नंतर उठून शेंगा भाजायला घेतल्या.

शनिवारी ये. येताना चारही कर्जांची स्टेटमेंट, लोनचा करार आणि कंपनीने दिलेलं पत्र छापून आण, मोबाइलवर दाखवू नकोस, मला नीट वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्याची वही आणून ठेवली आहे. कोणाचा फोन कधी आला, काय बोलला, किती भरले, पावती कुठे, सगळं त्यात. पहिल्या चार पानांवर नावं घातली आहेत, आकडे तू तुझ्या हाताने लिही.

आणि उद्या त्यांचा फोन आला की उचल. नाव विचार, ईमेल पाठवलाय म्हणून सांग, आणि ठेव. मग मला कर. मी जागाच असतो.

तुझे,
बाबा