आधी खरेदीला मुदत, मग आवराआवर

महोदय,

साध्या राहणीवरचे बहुतेक सल्ले कपाट रिकामं करण्यापासून सुरू होतात. चूक तिथेच होते. वस्तू येण्याची वाट मोकळी ठेवून पसारा काढला की काही महिन्यांत कपाट पुन्हा भरतं आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणत माणूस नाद सोडतो.

म्हणून आधी वही करावी. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली की तिचं नाव, तारीख आणि ती कशाला हवी हे एका ओळीत लिहावं आणि 30 दिवस थांबावं. महिन्यानंतरही ती ओळ पटली तर खुशाल घ्यावी. फोनमध्ये कार्डाचा तपशील साठवलेला असेल तर तो आधी पुसावा. नाहीतर वही कोरी राहते आणि खरेदी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या होते. औषधं, कामाची हत्यारं, मोडलेल्या गरजेच्या वस्तू यांना मात्र ही मुदत लावू नये.

नव्या वस्तूची सवय फार लवकर होते. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्येच हे मांडलं होतं. 2003 मध्ये व्हॅन बोव्हन आणि गिलोविच यांच्या अभ्यासात लोकांनी वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेल्या खर्चातून अधिक आनंद मिळाल्याचं सांगितलं. वस्तू दुसऱ्याच्या वस्तूशेजारी ठेवून लगेच तोलता येते. सोबतीने चढलेला डोंगर तसा तोलता येत नाही, आणि त्याच्या गोष्टी पुढे कितीतरी वर्षं निघत राहतात. पण हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. 2018 च्या एका संशोधनात तुटपुंज्या मिळकतीच्या लोकांच्या बाबतीत अनुभवांचं हे पारडं जड दिसलं नाही. ज्याचं छप्पर गळतं त्याला अनुभवांची महती सांगू नये.

अनुभवालाही बेत लागतो. वर्षातून एका मोठ्या सहलीवर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा पंधरवड्यातून दोन-तीन तास ठरवावेत, तेही दोन आठवडे आधी, कारण वाट पाहण्यातही आनंद असतो. शेवटचा अर्धा तास घाईचा नको. शेवट कसा झाला यावर पुढची आठवण बरीच ठरते. फोटो सुरुवातीला काढून फोन पिशवीत टाकावा. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात (2014) ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या.

सगळ्यात फसवा प्रकार छंदाच्या सामानाचा. चित्रकला सुरू करायची म्हणून रंगांचा मोठा संच येतो, चित्र टेकवायचा लाकडी घोडा येतो, कागद येतात. चित्र मात्र होत नाही. पहिल्या पाच वेळा उसन्या किंवा घरातल्याच सामानावर भागवावं. सहाव्यांदाही हात शिवशिवले तर मग दुकानाची पायरी चढावी.

आवराआवर यानंतर. एका वेळी एकच खण, 20 मिनिटं. 'असू दे, लागेल' वाटणाऱ्या वस्तू खोक्यात भरून त्यावर तारीख घालावी; सहा महिन्यांत खोकं उघडलं नाही तर वापरणारा माणूस शोधून देऊन टाकावं. पत्रं आणि जुने फोटो अगदी शेवटी, कारण तिथे हात अडतो आणि सगळंच काम थांबतं. घरातल्या दुसऱ्याच्या खणाला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. एकाच्या साधेपणापायी दुसऱ्याची वस्तू परस्पर गेली की पुढचे कित्येक दिवस तोच वाद पुरतो.

— एक वाचक